सगळ्यात शांत टेबल

भुंगा हे काही मुलीला हाक मारायचं नाव नव्हे, हे आईलाही मान्य होतं. पण ठेवलं बापाने आणि ते चिकटलं. लेक दीड वर्षाची असल्यापासून काहीही करताना घुमायची. ठोकळे रचताना घुमायची, मोजे चढवताना घुमायची, दूध पिताना पेल्यातच घुमायची आणि मग नाकातोंडाशी दुधाचे बुडबुडे. गाणं म्हणावं तर सूर नाही, बडबड म्हणावी तर शब्द नाहीत. नुसतं आपलं मिटल्या ओठांआडून हूंऽऽऽ चाललेलं. बाबा लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. त्याला त्या आवाजाचं भारी कौतुक. "अगं, मोटार चालू असल्याची खूण आहे ती," तो म्हणायचा. "आवाज थांबला की मग घाबरायचं."

आईला घाबरायला आवाज थांबण्याची गरज नव्हती. ती आवाज चालू असतानाच घाबरायची.

पहिलीच्या वर्षी तिला कारणही मिळालं. दर आठ-दहा दिवसांनी वहीत लाल शाईने शेरा यायचा: वर्गात सतत आवाज करते, समज द्यावी. आई समज द्यायची. बसवून द्यायची, जवळ घेऊन द्यायची, रागावून द्यायची, आणि शेवटी थकून नुसती ओठांवर बोट ठेवायची. श्श. अभ्यासाला बसली की श्श, पाहुणे आले की श्श, बसमध्ये शेजारच्या बाईने मान वळवली की श्श. भुंगा गप्प व्हायची, मान खाली घालायची आणि पाच मिनिटांत पुन्हा हूंऽऽऽ. तिला स्वतःला ऐकूच यायचं नाही, ती तरी काय करणार.

दुसरीच्या बाई वेगळ्या निघाल्या. उंच, कापडी बूट घालणाऱ्या, आणि इतक्या हळू बोलणाऱ्या की पालकसभेत मागच्या रांगेतल्या बापांना खुर्च्या पुढे ओढाव्या लागल्या. बाईंनी वर्गात गोल टेबलं मांडली होती, टेबलाला चार मुलं. प्रत्येक टेबलावर एक काचेची बरणी. टेबलाने मिळून काम केलं, एकमेकांना मदत केली, दुसऱ्याचं नीट ऐकून घेतलं की बाई त्या बरणीत एक गोटी टाकायच्या. शुक्रवारी सगळ्यांच्या गोट्या मोठ्या बरणीत ओतायच्या. मोठी बरणी लाल रेघेपर्यंत भरली की अख्ख्या वर्गाला शाळेमागच्या बागेत एक पूर्ण दिवस.

"मी मुलांच्या चुका शोधत नाही," बाई म्हणाल्या. "ती चांगलं वागत असताना त्यांना पकडते."

"आणि ऐकलंच नाही तर?" एका बापाने विचारलं.

"तर गोटी मिळत नाही, एवढंच. दिलेली गोटी मी परत घेत नाही. ओरडत नाही, बाहेर उभं करत नाही."

सभेत हशा पिकला, सुटकेचा. आईचा तर जीव भांड्यात पडला. घरी येताना ती नवऱ्याला म्हणाली, "देव माणूस आहे रे ती बाई."

आणि तिसऱ्या महिन्यात ते पत्र आलं. पिवळ्या कागदावर, हाताने लिहिलेलं. आपली मुलगी आता वर्गात फार छान सहकार्य करते. तिचं तिसरं टेबल सलग चार आठवडे वर्गातलं सगळ्यात शांत टेबल ठरलं आहे. आपले अभिनंदन. आईने ते उभ्याने वाचलं, मग बसून वाचलं, मग आपल्या आईला फोनवर वाचून दाखवलं. बाबाने ते फ्रिजवर लावलं, तेही भुंग्याच्या डोळ्यांच्या उंचीवर, म्हणजे येता-जाता तिला दिसावं.

"आपलं अभिनंदन म्हणे," तो म्हणाला. "आपण काय केलंय? तू श्श केलंस आणि मी तेही नाही."

आई हसली. फार दिवसांनी अशी हसली.

ती सकाळी चार तास चष्म्याच्या दुकानात काम करायची. फ्रेमच्या काड्या गरम वाळूत धरून वाकवायच्या, गिऱ्हाइकाच्या कानामागे बसवायच्या, मग दोन पावलं मागे जाऊन चेहरा न्याहाळायचा. डावी काच उजवीपेक्षा केसभर खाली असली तरी तिला दिसायचं. दुकानाचे मालक, म्हातारे काका, म्हणायचे, "पोरी, तुझ्या नजरेला नंबर लागत नाही, पण तू जगाला लावत बसतेस." ते खरं होतं. आणि ज्या बाईला केसभर वाकडेपणा दिसतो तिला आपल्या घरातला बदल दिसायला तीन आठवडे लागले, याचं तिला नंतर फार वाईट वाटलं.

बदल असा की घर शांत झालं होतं. संध्याकाळी भुंगा अभ्यासाला बसायची आणि घड्याळ ऐकू यायचं. आईने त्या शांततेत कणीक मळली, कपड्यांच्या घड्या घातल्या, एकदा तर चक्क पुस्तकाची वीस पानं वाचली. मुलगी मोठी झाली, तिला वाटलं. वळण लागलं.

मग भुंगा गरम काही खाईना. सूप पुढे केलं की फुंकत बसायची, निवून पाणी झालं की प्यायची. सफरचंदाच्या फोडी डब्यातून तशाच परत. आईने तोंड उघडायला लावलं आणि दुकानातल्या लहान टॉर्चने आत पाहिलं. गालांच्या आतल्या बाजूला, दोन्हीकडे, पांढरे फोड रांगेने.

"हे काय गं?"

"चावलं."

"दोन्हीकडे?"

"दोन्हीकडे चावलं."

आईने औषध लावलं. त्याच आठवड्यात भुंग्याने तिसरं खोडरबर मागितलं. "एवढं खोडतेस तरी काय?" आई म्हणाली आणि तिने दप्तर उघडलं. कंपासपेटीत अर्धं रबर होतं, खडबडीत, चारी बाजूंनी टोचे मारल्यासारखं. तिने ते खिडकीपाशी नेऊन पाहिलं. दातांचे ठसे होते, एकावर एक, बारीक, दुधाच्या दातांचे.

तिने नजर ठेवायचं ठरवलं. नजर ठेवणं तिला जमायचं, बोलणं नंतर.

रविवारी सकाळी भुंगा स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी वजाबाक्या करत होती. आई भाजी निवडत समोर बसली होती. भुंग्याने पहिलं गणित वाचलं, पेन्सिल उचलली, आणि मग कुणी चष्मा चढवावा तितक्या सहज, रबर उचलून दातांत धरलं. ओठ मिटले. गणित सोडवायला लागली.

"काढ ते," आई म्हणाली.

भुंग्याने दचकून काढलं. लाळेची एक तार टेबलावर पडली, तिने ती बाहीने पुसली.

"तोंडात का घालतेस?"

"सवय."

"कसली सवय? कुणी लावली?"

भुंगा रबराकडे बघत राहिली. मग एकदम, जसं काही आईला एखादी छान युक्ती शिकवायची आहे तशी बोलायला लागली. "अगं, दातांत धरलं ना, की मी घुमले तर रबर थरथरतं. गुदगुल्या होतात जिभेला. मग मला कळतं आवाज निघतोय. नाहीतर मला कळतच नाही ना. टेबलाने शोधून काढलंय."

"टेबलाने?"

"आमच्या. आधी सगळी मला चिमटा काढायची, हळूच, पण बाई म्हणाल्या हात लावायचा नाही. मग त्यांनी रबराचं काढलं."

"आणि बोलायचं असलं तर?"

"मला काय बोलायचंय? टेबलप्रमुख सांगते ना सगळ्यांच्या वतीने."

आईने भाजी बाजूला ठेवली. "किती वेळ धरतेस गं?"

"पहिल्या बेलपासून. डब्याच्या सुट्टीत काढते." भुंग्याने आईचा चेहरा पाहिला आणि तिचा स्वर बदलला. "आई, बाईंना सांगू नकोस हं. प्लीज. शुक्रवारी लाल रेघ येणारे. आमच्या टेबलाच्या सगळ्यात जास्त गोट्या आहेत. तू सांगितलंस तर बाग जाईल आणि सगळे म्हणतील माझ्यामुळे गेली." मग डोळे पुसत ती म्हणाली, "आता मी सगळ्यांना आवडते, आई."

त्या शेवटच्या वाक्याने आईला बांधून टाकलं. मागच्या वर्षी वाढदिवसाला बोलावलेल्या सहांपैकी एकच मुलगी आली होती, आणि तीही तिच्या आईने ढकलली म्हणून.

संध्याकाळी तिने नवऱ्याला सांगितलं. तो जमिनीवर बसून हातांचं ग्रीस काढत होता.

"रबर?" तो म्हणाला.

"दातांत. चार चार तास."

"मुलं काय वाट्टेल ते करतात अगं. मी खडू खायचो."

"तू आवडीने खायचास. हिला सांगितलंय. आणि घशात गेलं तर?"

त्यावर मात्र त्याचा हात थांबला. "मग जा, सांग बाईंना."

"तिला वचन दिलं मी. शुक्रवारपर्यंत."

"कशाला दिलंस?"

"तू असतास तर काय केलं असतंस? ती रडत होती रे. आता कुठे जरा बरं चाललंय तिचं. मीच जाऊन त्यावर बोळा फिरवू?"

तो फ्रिजकडे, त्या पिवळ्या कागदाकडे बघत राहिला. "मग निदान रबर देऊ नकोस," तो म्हणाला.

सोमवारी तिने रबर दिलं नाही. दुपारी भुंगा आली तर कंपासपेटीत गुलाबी रबर, अंगठ्याच्या नखाएवढं. "टेबलाचं आहे," भुंगा म्हणाली. आईने ते चिमटीत धरून पाहिलं, सहज गिळलं जाईल एवढं होतं.

मंगळवारी ती दुकानातून लवकर निघाली आणि शाळेच्या फाटकापाशी टेबलप्रमुखाला गाठलं. दोन घट्ट वेण्या, पाण्याच्या बाटलीला स्वतःच्या हाताने विणलेलं आवरण, आणि मोठ्या बायकांसारखी मान कलती करून ऐकायची लकब. आईला वाटलं होतं एखादी दादागिरी करणारी, तोंडाळ पोर असेल. तसं असतं तर किती सोपं झालं असतं.

"काकू, बरं झालं तुम्ही भेटलात," पोरगीच आधी बोलली. "मी तिला केव्हाची सांगतेय मोठं रबर आण. लहान असलं की गिळलं जाईल ना. काल मी माझं दिलं, पण मला दिवसभर भीती वाटत होती. माझं गणितच चुकलं."

"तिला ते धरायला कशाला लावता गं तुम्ही?"

"लावत नाही, काकू. आम्ही मदत करतो तिला. ती विसरते ना. बाई म्हणतात, एखाद्याला जमत नसेल तर टेबलाने मिळून मार्ग काढायचा." तिने आवाज खाली आणला. "आधी ती एकटी बसायची डब्याला. आता आमच्यात बसते."

त्या पोरीच्या चेहऱ्यावर लबाडीचा लवलेश नव्हता. होती ती काळजी, अगदी आईसारखीच. आईला ती काळजी ओळखू आली. "बरं," ती म्हणाली. "शहाणी आहेस."

आणि मग तिने जे केलं ते तिला पुढे कुणालाही, अगदी नवऱ्यालासुद्धा, धड समजावून सांगता आलं नाही. ती कोपऱ्यावरच्या वह्या-पेन्सिलींच्या दुकानात गेली आणि तिथलं सगळ्यात मोठं खोडरबर मागितलं. चित्रकलेचं, पांढरं, चांगलं दोन बोटं रुंद. दुकानदाराने तीन दाखवली. तिने प्रत्येक हातात घेऊन पाहिलं, स्वतःच्या घशाचा अंदाज घेतला, मुलीच्या घशाचा घेतला, आणि त्यातलं जाड निवडलं. घरी येऊन गरम पाण्याने धुतलं. शुक्रवारपर्यंतचाच तर प्रश्न आहे, ती स्वतःला म्हणाली. तोवर निदान गिळायची भीती नको.

भुंग्याने रबर पाहिलं आणि आईच्या गळ्यात पडली.

गुरुवारी आईची वर्गात मदतनीस म्हणून पाळी होती. सत्रातून एकदा प्रत्येक पालकाने यायचं, कागद कापायचे, रंगांच्या वाट्या धुवायच्या. तिला मागच्या कोपऱ्यात मुलांच्याच मापाची खुर्ची मिळाली. गुडघे हनुवटीला टेकतील अशी ती बसली आणि हिरव्या कागदाची पानं कापायला लागली. कात्री हातात, डोळे तिसऱ्या टेबलावर.

बाईंनी काम दिलं: दोन पुस्तकांच्या चळतींवर कागदाचा पूल बांधा, वर एक पुस्तक ठेवलं तरी पडता कामा नये. वर्गात कलकल झाली. पहिल्या टेबलावर वाद, चौथ्यावर कागद फाटल्याचा आवाज, "माझ्याकडे दे", "तुला नाही येत". तिसऱ्या टेबलावर कुजबुजसुद्धा नाही. टेबलप्रमुख कागद फिरवत होती, चष्मेवाला मुलगा चिकटपट्टी तोडून देत होता, त्याच्या शेजारची डावखुरी मुलगी चळत सरळ करत होती. आणि भुंगा. पाठ ताठ, हात मांडीवर, ओठ जरासे पुढे आलेले. लांबून पाहिलं तर वाटावं, किती लक्ष देऊन बसली आहे.

आई लांबून पाहत नव्हती. तिला दिसलं की टेबलाखाली भुंग्याचे हात चालू आहेत. तिने मांडीवर कागदाची एक पट्टी घेतली होती आणि ती पंख्यासारखी घडी घालत होती, पुढे-मागे, पुढे-मागे, बोटांनी कडा दाबत. वर टेबलप्रमुखाने सपाट कागदावर पुस्तक ठेवलं. पूल झोळीसारखा लोंबला आणि पुस्तक खाली आलं. दुसऱ्यांदा ठेवलं, दुसऱ्यांदा आलं. भुंग्याचे डोळे मोठे झाले. तिने कोपर टेबलावर टेकलं, घड्या घातलेली पट्टी वर धरली, गळ्यातून अर्धवट काहीतरी निघालं आणि ओठांआडचं रबर हललं. टेबलप्रमुखाने लगेच तिच्याकडे पाहिलं. रागाने नाही. मान कलती करून, गोड हसून तिने स्वतःच्या ओठांवर बोट ठेवलं, भुंग्याच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि सपाट कागद पुन्हा उचलला. भुंग्याने जबडा आवळला. पट्टी मांडीवर गेली.

हे ओठांवरचं बोट आईच्या ओळखीचं होतं. मान कलती करण्याची ती पद्धतसुद्धा.

बाई टेबलापाशी आल्या. त्यांच्या कापडी बुटांचा आवाज होत नसे. "सगळ्यांनी इकडे बघा बरं," त्या त्यांच्या हळू आवाजात म्हणाल्या आणि वर्ग वळला. "तिसऱ्या टेबलाचा पूल दोनदा पडला. पण कुणी कुणावर ओरडलं का? कुणी कागद हिसकावला?" त्यांनी खिशातून गोटी काढली आणि बरणीत टाकली. काचेवर काच, टण्‌.

आई उठली. खुर्ची तिच्यासोबतच उठली, कारण ती कमरेत अडकली होती, आणि मग धाडकन पडली. दोन मुलं फिदीफिदी हसली. आई टेबलापर्यंत पोचली आणि तिने मुलीच्या हनुवटीखाली तळवा धरला, रांगत्या पोराने मातीचं ढेकूळ तोंडात घातल्यावर धरतात तसा.

"काढ," ती म्हणाली.

भुंग्याने मान हलवली. डोळे विनवणी करत होते. शुक्रवार, ते म्हणत होते. उद्या.

"काढ म्हणते ना!"

रबर तळव्यात पडलं, ओलं, कडेला लालसर. कुणाची तरी पेन्सिल घरंगळत जाऊन जमिनीवर पडली.

बाई वाकल्या. त्यांनी ते पाहिलं आणि त्यांना लगेच समजलं नाही. मग समजायला लागलं. "हे किती दिवस चाललंय?" त्यांनी टेबलाला विचारलं.

"बाई, आम्ही मदत करत होतो," टेबलप्रमुख म्हणाली आणि तिचा चेहरा वेडावाकडा झाला. "तिलाच हवं होतं. विचारा तिला."

"हे एवढं मोठं रबर कुणी दिलं तुला?" बाईंनी भुंग्याला विचारलं.

भुंग्याला बोलायला वेळ लागला, जबडा अवघडला होता. "आईने."

वीस मुलांनी माना वर करून आईकडे पाहिलं. बाईंनीही पाहिलं. आईच्या हातात ते रबर होतं आणि ते ठेवायला तिला कुठे जागा सापडेना.

बाईंनी मुलांना चित्रं काढायला लावलं आणि दोघी बाहेर व्हरांड्यात आल्या.

"तुम्हाला कधी कळलं?" बाईंनी विचारलं.

"रविवारी."

"आज गुरुवार आहे."

"हो."

आईला वाटलं आता त्या काहीतरी बोलतील, आणि बोलल्या असत्या तर तिला बरंच वाटलं असतं. पण बाई भिंतीला टेकल्या. जवळून त्या तिला वाटल्या होत्या त्यापेक्षा बऱ्याच तरुण दिसत होत्या. "मी रोज समोर असते," त्या म्हणाल्या. "रोज. मला वाटायचं, केवढी सुधारली. मी बाकीच्या शिक्षकांना बघायला बोलावलं होतं हे टेबल." त्यांनी डोळे चोळले. "दिलेली गोटी परत घेणार नाही म्हणाले होते मी. आता ह्या गोट्यांचं करू काय?"

"आणि बाग?"

"बागेत नेईन. उद्याच नेईन, रेघ येवो न येवो. पण मुलांना काय सांगू ते मला अजून सुचत नाहीये. त्यांनी मी सांगितलं तेच केलं हो."

आईने विचारलं, "पट्टी पाहिलीत का तुम्ही? तिच्या मांडीवर?"

"कसली पट्टी?"

आईने हाताने घड्या घालून दाखवल्या. "हिचा पूल पडला नसता." बाई बघत राहिल्या. मग दारातून आत, तिसऱ्या टेबलाकडे. तिथे तिघं एका बाजूला सरकून चित्र काढत होती आणि भुंगा दुसऱ्या बाजूला.

घरी येईपर्यंत भुंगा बोलली नाही. जिना चढताना बोलली नाही. दार बंद झालं, दप्तर जमिनीवर पडलं आणि मग तिचा आवाज फुटला.

"तू म्हणाली होतीस शुक्रवार!"

"भुंग्या, ऐक."

"शुक्रवार म्हणाली होतीस! शुक्रवार म्हणजे उद्या! तू खोटारडी आहेस!"

आईचं बोट सवयीने वर आलं. ओठांपर्यंत पोचायच्या आत तिचं तिलाच दिसलं आणि तिने हात पाठीमागे घेतला.

"आणि श्श करू नकोस! तूच करायचीस! सगळ्यात आधी तूच! बसमध्ये, मावशीकडे, सगळीकडे! मला नव्हतं ऐकू येत तर मी काय करू! त्यांनी निदान मला कळेल असं तरी केलं! आता मी कुणाजवळ बसू? सांग! कुणाजवळ बसू?"

ती किंचाळत होती, मुठी आवळून, गालांच्या आतले फोड दुखत असणार तरी तोंड पूर्ण उघडून. शब्द संपले तेव्हा नुसती ओरडली. आई जमिनीवर बसली, म्हणजे चेहरा तिच्या चेहऱ्यासमोर यावा, आणि ऐकत राहिली. मध्ये बाबा आला. दारातच थबकला.

"अगं काय चाललंय, खालच्या मजल्यापर्यंत ऐकू येतंय."

"येऊ दे," आई म्हणाली.

तो चपला न काढताच बसला. भुंगा दमली. मग आई म्हणाली, "मी चुकले. वचन मोडलं ते नाही. दिलं, ते चुकलं. आणि रबर आणलं ते." अजून पुष्कळ होतं, पण एवढंच तिला त्या क्षणी नीट बोलता आलं. भुंग्याने ऐकलं की नाही कळायला मार्ग नव्हता. ती बाबाच्या मांडीवर डोकं ठेवून भिंतीकडे तोंड करून पडली होती.

सकाळी ती उठली, आवरलं, डबा घेतला. रस्त्यावर आईचा हात धरला नाही, चार पावलं पुढे चालत राहिली. फाटकापाशी तिसऱ्या टेबलाची तिघं उभी होती, बागेत जायचं म्हणून टोप्या घालून. त्यांनी भुंग्याला पाहिलं आणि बोलणं थांबवलं. टेबलप्रमुखाचे डोळे सुजलेले होते.

भुंगा थांबली. आईही थांबली.

"तू जा," भुंगा मागे न बघता म्हणाली.

"मी फक्त आत..."

"जा म्हणाले ना."

आई रस्ता ओलांडून पलीकडे गेली. दुकानाला उशीर होत होता. काका आता घड्याळाकडे आणि मग दाराकडे बघत असतील. ती एका बंद शटरच्या पायरीवर उभी राहिली. मधून दुधाची गाडी गेली, मग एक बस, तिच्यामागे हॉर्न वाजवणारी दुसरी बस. गाड्यांच्या फटींतून तुकड्या-तुकड्याने तिला फाटक दिसत होतं. टेबलप्रमुख हाताची घडी घालून उभी. चष्मेवाला जमिनीकडे बघतोय. भुंगा त्यांच्या समोर, दप्तर दोन्ही खांद्यांवर, मान जराशी वर.

बस गेली तेव्हा भुंगा बोलत होती. भराभर, हात हलवत, एकदा मागे आईच्या दिशेने बोट दाखवून, एकदा स्वतःच्या छातीकडे. काय बोलत होती ते एवढ्या गोंगाटात ऐकू येणं शक्य नव्हतं. भांडत असेल. माफी मागत असेल. आईला नावं ठेवत असेल. तिघांपैकी कुणी हसलं नाही, कुणी निघूनही गेलं नाही.

आईने पुढे होऊन कान दिला, मग तिचं तिलाच उमगून ती मागे सरकली आणि दुकानाच्या दिशेने चालायला लागली. कोपऱ्यावर वळायच्या आत तिने एकदाच मागे पाहिलं. फाटकापाशी अजून चौघंही उभी होती, आणि अजून भुंगाच बोलत होती.